एकविसाव्या टेकडीची टिक

आमच्या भागात टेकडीवर उगीचच चढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शेळ्यांमागं चढतात, नवस फेडायला चढतात, मोबाइलला रेंज मिळेना की चढतात. त्यामुळे मी आणि माझ्या नणंदबाई, दोघी साठी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून उदगीर-मुखेडकडच्या एखाद्या गावात एसटीतून उतरलो, की पारावरची माणसं एकच विचारायची, "कुण्या देवाला?"

या उपद्व्यापाची सुरुवात डॉक्टरांनी केली. रोज चाला म्हणाले. वन्सं चार दिवस मैदानाला चकरा मारून आल्या आणि पाचव्या दिवशी घरीच बसल्या. "घाण्याच्या बैलावानी किती बी फिरा, तिथल्या तिथंच!" वन्सं नायगावकडं जन्मभर नर्सबाई होत्या, निवृत्त झाल्यावर आमच्याकडं उदगीरला राहायला आल्या. माझ्या मुलानं त्यांना मोबाइलच्या नकाशावर टेकड्यांच्या उंचीचे आकडे दाखवले आणि बाई पेटल्या. लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं शोधून त्यांनी रेघा मारल्या: टेकडी, गाव, टिक, शेरा. एकवीस टेकड्या लिहिल्या. निम्म्यांना नावच नव्हतं, तिथं 'विहिरीमागची', 'टॉवरच्या अलीकडची' असं लिहिलं.

टिकेचा नियम कडक होता. "लेकराच्या तोंडात थेंब पडल्याबिगर म्या नोकरीत कधी टिक मारली न्हाई. टेकडीला बी तोच न्याय." सगळ्यात उंच दगडाला स्वतःचा पाय लागला, तरच टिक. आता आमच्याकडच्या टेकड्या पालथ्या परातीसारख्या सपाट. उंच दगड कुठला यावर आमची भांडणं व्हायची. मग वन्सं भर उन्हात पोटावर आडव्या व्हायच्या, एक डोळा मिटायच्या आणि निकाल द्यायच्या.

खरा घोळ नारळांचा. पारावर मी सांगायची, "देव नाही हो मामा, नुसतं चढायचं म्हणून चढतोय." त्यावर मामा हसायचे. "नसंल सांगायचं तर ऱ्हाऊ द्या. पण आमच्या बी नावानं एक फोडा." आणि हातात नारळ. कुणी देवाला निघालं की त्याच्याकडं आपला नारळ द्यायची रीतच आहे, आणि असा नारळ परत करायची हिंमत कुणाला होते? चौथ्या टेकडीवर आम्ही सात नारळ घेऊन धापा टाकत पोचलो. वर देवाचा पत्ता नाही. मी आपले सगळ्यात उंच दगडावर फोडले. दोन महिन्यांनी तिकडून जाताना बघतो तर दगडाला शेंदूर, वर झेंडा आणि पायथ्याला पायऱ्यांसाठी वाळू पडलेली. वन्सं तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून नारळ उतरताना, कुणी बघत नसताना फोडायचे ठरलं.

अशा वीस टेकड्या झाल्या आणि वन्संचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. यापुढं टेकडीबिकडी विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. तारखेच्या आदल्या आठवड्यात वन्संनी बूट घातले. "एक ऱ्हायलीय."

शेवटची टेकडी अगदीच पोरकट होती. खालून हाक मारली तर वर ऐकू जाईल एवढी. पण निम्म्यात वन्संचा गुडघा सुजला. थोडं त्या माझ्या खांद्याच्या आधारानं चढल्या, थोडं बसून मागं सरकत चढल्या, आणि मग एका पळसाखाली थांबल्या. रजिस्टर मांडीवर उघडं होतं. "वीसच," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. मला असा राग आला! गुडघ्याचा, टेकडीचा, सगळ्याचाच.

मी एकटीच तरातरा वर गेले. पोटावर आडवी झाले, एक डोळा मिटला, निकाल दिला. सगळ्यात उंच दगड पाट्याएवढा होता. उकरून काढला, टॉवेलात गुंडाळला आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून खाली आणला. वाटेत एक शेळ्यावाले मामा होते, तेही मागोमाग आले.

वन्संनी दगडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डोकं फिरलं का तुझं? आपण टेकडीवर जायचं असतंय."

"पोलिओच्या दिवशी लेकरू बूथवर आलंच नाही तर तुम्ही काय करत होता?"

"घरी जाऊन डोस देत होतो."

"मग?"

वन्संनी मांडीवरचं रजिस्टर बाजूला ठेवलं. मग बूट काढला, मोजा काढला आणि तळवा दगडावर नीट टेकवला. शेळ्यावाल्या मामांना राहवेना. "कसला नवस म्हणायचा ह्यो, बाई?"

वीस टेकड्या या प्रश्नावर भडकलेल्या माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "गुडघ्याचा."

मामा तडक नारळ आणायला पळाले.

मला वाटलं, झालं. पण पेनचं टोपण काढून वन्सं थांबल्या. "आधी नेऊन ठिव. ह्यो दगड इथं हाय तवर टेकडी उणी हाय. उण्या टेकडीची टिक म्या न्हाई मारायची."

टेकडी पोरकट वगैरे म्हणाले होते ते शब्द मी दुसऱ्या चढणीला गिळले. दगड त्याच्याच खळग्यात ठेवला, हलत नाही ना ते बघितलं आणि वरून टॉवेल हलवला. खाली पळसाखाली वन्सं मान घालून लिहीत होत्या. बाजूला मामा नारळ घेऊन उभे होते.

परतीच्या एसटीत त्या माझ्या खांद्यावर मान टाकून झोपल्या. मी हळूच रजिस्टर काढलं. एकविसाव्या ओळीत टिक होती. वीस टेकड्यांपुढं शेऱ्याची जागा कोरी होती. इथं मात्र त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'लाभार्थी चालू शकत नव्हती. भावजयीने गृहभेट दिली.'