चंदेरी केसांच्या पोराचा बॅनर

लेडीज टेलर म्हणून घाटनांदुरात माझी पंचवीस वर्षं गेली. एवढ्या काळात मी किती ब्लाउज बिघडवले असतील त्याची गणती नाही, आणि बहुतेक बायकांनी ते मोठ्या मनानं घातले. पण एक गोष्ट मी अशी बिघडवली की ती दुरुस्त करायला मला चौकात बॅनर लावावा लागला.

ती म्हणजे पोरीचं माझ्याशी बोलणं. आठवीत असताना तिला कोरियातल्या पाच पोरांचा नाद लागला. ती पोरं गातात, नाचतात, आणि दर गाण्याला नवे कपडे घालतात. कपाटाच्या दारावर तिनं त्यांचं पोस्टर चिकटवलं होतं. त्यातला चंदेरी केसांचा तिचा खास. दहावीच्या साली एका दुपारी ती मोबाइल घेऊन दुकानात पळत आली. "पप्पा, हे बघा, एकच मिनिट." दुकानात तीन-चार बायका मापं द्यायला बसलेल्या. मी चष्मा वर सरकवला, पडद्याकडं बघितलं, आणि बायकांकडं तोंड करून म्हणालो, "ह्यो गडी हाय का बाई? एवढी लिपस्टिक माझ्या गिऱ्हाइकातबी कुणी लावत न्हाई."

बाया हसल्या. चारचौघांत विनोदी म्हणवून घ्यायची मला जुनी खोड. पोरगी हसली नाही. तिनं मोबाइल हातातल्या हातात पालथा केला आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दारावर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे उरले होते.

त्यानंतर तिनं मला काहीच दाखवलं नाही. मार्कशीट आईकडं, नवी चप्पल आईकडं, दुखलंखुपलं आईकडं. अकरावीला ती लातूरला क्लासला गेली तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. जेवलीस का? हो. अभ्यास? चालूय. बरं, आईला देतो. मग आई अर्धा अर्धा तास बोलायची आणि मी उगीच मशीनला तेल घालत कान तिकडं लावायचो.

लग्नसराई संपली की आमचा धंदा थंड पडतो. अशाच एका रिकाम्या दुपारी मी चोरून त्या पोराचं गाणं लावलं. चोरून म्हणजे शटर अर्धं ओढून. उद्देश एवढाच, की पोरीला त्यात काय दिसतं ते आपल्यालाही दिसावं, म्हणजे फोनवर चौथं वाक्य सुचेल. भाषेतलं ओ की ठो कळलं नाही. पण त्या पोरानं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मी ताठ बसलो. हात एवढे वर गेले तरी कोट कमरेवरून बोटभरसुद्धा उचलला गेला नव्हता. मी गाणं मागं नेलं. पुन्हा बघितलं. सात वेळा बघितल्यावर काखेत जोडलेला तुकडा सापडला. इतक्या नाजूक हातानं लावलेला, की शिवणाऱ्याचे पाय धरावेत.

शिवण बघता बघता मी माणूस कधी बघायला लागलो ते कळलं नाही. तो नुसता गात नाही. एखादा शब्द गळ्यात अडवून धरतो, मान कलती करतो, आणि मग असा सोडतो की आपलंच काही हरवलंय असं वाटावं. मोती लावलेल्या कॉलरचा शर्ट घालतो आणि लाजत नाही. रडायचं असलं की सरळ रडतो. आमच्या पिढीतल्या गड्यांना रडायला सरणाचा धूर डोळ्यांत जायची वाट बघावी लागते. आणि गाणं संपल्यावर दमून उभा असतानाही शेजारच्या पोराची वळलेली कॉलर हलकेच सरळ करतो. हे बघून तर मी गेलोच.

एक दिवस मंडळी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "आवं, रडायलाय ते पोरगं. तुमी कावून रडायलाव?"

"त्याच्या मनात लई हाय," मी म्हणालो.

"तुमाला त्याची भाषा कळती?"

"न्हाई."

"माझी कळती का?" असं म्हणून तिनं चहा ठेवला आणि गेली. त्या चहात साखर नव्हती.

असे चार महिने गेले. सुट्टीला पोरगी शनिवारी येणार होती, आणि त्याच शनिवारी त्या पोराचा वाढदिवस. तारीख मला पाठ, कारण दरवर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं केलेला गोल मी बघत आलो होतो. आमच्याकडं एखाद्यावर जीव आहे हे सांगायची एकच जाहीर रीत आहे, चौकात बॅनर. पुढाऱ्याचा लागतो, त्याच्या ड्रायव्हरचा लागतो, मागं एका बोकडाचाही लागला होता. मधे मोठा फोटो, खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे छोटे फोटो. ज्याचा फोटो राहतो तो सहा महिने बोलत नाही. मग माझ्या पोराचा का नको?

बॅनरवाल्यानं विचारलं, "टेलर, ह्यो कोणत्या पक्षाचा?"

"कलाकार हाय."

"मग रंगीत फोटो घ्या की."

पण मी एक काळा-पांढरा फोटो हेरून ठेवला होता. त्यात तो खाली बघत उभा, हातात पांढरी फुलं. त्या फोटोत कोटाची बेतणी जशी दिसत होती तशी कुठंच दिसत नव्हती. अक्षरं कोटावर येऊ नयेत म्हणून शुभेच्छांची ओळही मी पार तळाला न्यायला लावली. कोपऱ्यात माझा एकट्याचा फोटो, आधार कार्डावरचा.

शुक्रवारी दिवस मावळताना बॅनर लागला. शनिवारी सकाळी दुकान उघडून बसलो तर गल्लीतले एक म्हातारे काका आले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. मग म्हणाले, "तुमचा कोण लागत होता?"

"कोण?"

"चौकातला. लई तरणा होता."

मी सांगितलं की तो गाणं म्हणतो, कोरियात असतो आणि आज त्याचा वाढदिवस आहे. काकांनी डोक्यावर टोपी घातली. "म्हंजी जित्ता हाय? मग त्याचा रंग कावून काढून घेतला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या चौकात काळा-पांढरा फोटो म्हणजे माणूस गेला. वर पांढरी फुलं. मी गळ्यात टेप तसाच ठेवून पळालो. जाऊन बघतो तर बॅनरपुढं प्रवाशांच्या जीपा लागलेल्या आणि शुभेच्छांची ओळ त्यांच्या टपामागं गेलेली. वर दिसत होता तो खाली बघणारा पोरगा, कोपऱ्यातून डोकावणारं माझं दुःखी तोंड, आणि कुणीतरी भल्या माणसानं अडकवलेला झेंडूचा हार.

समोरच्या चहाच्या हॉटेलचा मालक माझा वर्गमित्र. तो म्हणाला, "टेलर, सांगायचं तरी बे. आमी दोन मिनिटं उभं राहिलो सगळे."

"हार काढायला स्टूल दे आधी. पोरगी यायलीय."

"कवाच्या गाडीनं?"

तेवढ्यात लातूरकडची एसटी वळण घेऊन चौकात थांबली आणि पोरगी खाली उतरली. पाठीवर बॅग, हातात पिशवी. तिनं मान वर केली आणि ती तिथंच उभी राहिली.

मला तेव्हा एकच दिसत होतं. हिला वाटणार, बापानं पुन्हा थट्टा केली, आणि ह्या वेळी अख्ख्या गावापुढं. मी बोलायला लागलो. वाढदिवस, जीपा, काका, झेंडू, सगळं एका दमात. ती जीपा आणि बॅनरच्या मधून आत गेली, वाकून खालची ओळ वाचली आणि बाहेर आली.

"ह्यो फोटो कुणी निवडला?"

"मी. कोटामुळं. त्या काखेत बघ, आतून तुकडा जोडलाय. हात वर केला तरी..."

"तुमी त्याची गाणी बघता?"

"चार म्हैने झाले."

तिनं पुन्हा वर बघितलं. "कोपऱ्यात तुमचा एकट्याचाच फोटो हाय."

"हो."

"माझा कावून न्हाई? मला चार वर्सं झाली, तुमाला चार म्हैने."

पोरीचा फोटो चौकात लावला तर लोक काय म्हणतील, हे बॅनरवाल्यापुढं माझ्या मनात आलं होतं आणि मी माझा एकट्याचाच दिला होता. लोक म्हणजे कोण, तर त्या दिवशी दुकानात हसले तेच. बॅनर तिच्यासाठी, आणि भ्यायलो पुन्हा त्यांनाच.

"चुकलं," मी म्हणालो. "ह्यातबी, आन् त्या दिवशी गिऱ्हाइकापुढं हसलो त्यातबी."

हॉटेलवाला स्टूल घेऊन मागं उभा होता. "पोरीचं बरोबर हाय बे," तो म्हणाला. "तसा माझाबी न्हाई टाकलास."

त्याच स्टुलावर चढून आम्ही हार काढला, बॅनर उतरवला आणि गुंडाळून दुकानात आणला. क्लासच्या फॉर्मसाठी काढलेले फोटो तिच्या बॅगेत होते. मी मशीनला जाड सुई लावली. फोटो माझ्या शेजारी धरला तर ती म्हणाली, "जरा वर घ्या. तुमच्यापेक्षा वर." बॅनरवर कोण वर आणि कोण खाली ह्यावरून आमच्याकडं घरं फुटली आहेत. मी निमूट वर घेतला.

बॅनर मोठा, म्हणून दुसरं टोक ती धरून बसली. मी पायानं हळूहळू मशीन चालवत होतो. पहिली कड झाली तेव्हा ती बॅनरकडंच बघत म्हणाली, "पप्पा, लातूरला दोन टेस्टमधे मी नापास झाले. आईलाबी सांगितलं न्हाई."

मी पाय थांबवला नाही. थांबवला असता तर ती थांबली असती.

दुसऱ्या कडेला तिनं सांगितलं की खोलीवरच्या पोरी चांगल्या आहेत, पण फिजिक्स डोक्यात शिरत नाही, आणि रात्री कानात गाणं लावल्याशिवाय झोप येत नाही. तिसऱ्या कडेला म्हणाली की घरी यायला भ्या वाटायलं होतं. मी "हं" म्हणालो. विनोद अजिबात सुचत नव्हता, हे माझं नशीब.

चौथी कड संपली. फोटो पक्का बसला होता. मी सुई वर घेतली, बॅनर फिरवला आणि त्याच शिवणीवरून पुन्हा पहिल्या कडेपासून मशीन सुरू केली. टेलरची पोर ती, तिला ते कळलं असणारच. पण तिनं आपलं टोक सोडलं नाही, आणि फिजिक्सच्या सरांचं सांगायला लागली.