काश्यप गोत्राचं पाणी

समुद्रात पाऊल ठेवण्याआधी काकू वाकून पाण्याला हात लावत, तो हात डोळ्यांना लावत आणि हळूच म्हणत, "पाय लावते हं." विहिरीच्या पायरीलाही तेच. एकदा तर आमच्या दवाखान्याच्या जीपमध्ये चढतानाही म्हणाल्या. ड्रायव्हर हसला, तेव्हा त्याला म्हणाल्या, "हसतोस काय? आपल्याला उचलून नेणारी आहे ती."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांचा देव देव्हाऱ्यात मावत नाही; घरभर, अंगणभर सांडलेला असतो.

श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझी बदली झाली आणि मी त्यांच्या सुपारीच्या वाडीतल्या मागच्या खोलीत राहायला गेले. सगळी आळी त्यांना काकू म्हणे, मीही म्हणू लागले. वाडीत भर दुपारीसुद्धा उजेड हिरवा असायचा, पाण्याखाली असल्यासारखा. पाटाचं पाणी बुंध्याबुंध्याशी फिरत राही आणि समुद्राची गाज जमिनीतूनच येतेय असं वाटे. काकू त्या उजेडात अनवाणी हिंडत, पडलेली सुपारी वेचत आणि झाडांशी काहीबाही बोलत.

त्यांच्या देव्हाऱ्यात फार गर्दी होती. गणपती, बाळकृष्ण, देवी, शंख, शिवाय किनाऱ्यावर सापडलेला एक गुळगुळीत दगड. एवढे देव कशाला, असं मी एकदा विचारलं.

"अगं, माणूस एकच असतो," त्या फुलं वाहता वाहता म्हणाल्या. "त्याला कुणी बाबा म्हणतं, कुणी दादा, बायको नुसतं अहो म्हणते. म्हणून काय तो तीन होतो?"

त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. कुठल्याशा दूरच्या समुद्रात तो बुडाला आणि देह मिळाला नाही. शेवटी घरच्यांनी दर्भाची आकृती करून तिच्यावर संस्कार केले. पुढे काकूंचे यजमानही गेले, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली. हे सगळं मला शेजारणीकडून कळलं. काकू स्वतः एवढंच म्हणत, "अंग बुडतं गं. जीव कुठे बुडतो?" म्हणत खऱ्या, पण समुद्राकडे बघताना त्यांची नजर कुणाला तरी शोधत असे.

एका वर्षी गणपती होऊन गेल्यावर किनाऱ्याला एक देह लागला. ओळख पटावी असं त्यावर कमरेच्या पट्ट्याखेरीज काही उरलं नव्हतं. दवाखान्यात तपासणी झाली, पोलिसांनी वाट पाहिली, कुणीच आलं नाही. मग गावाबाहेर त्याला पुरलं. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"पाणी कुणी दिलं त्याला?"

कुणीच नाही, मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी त्या तांब्या आणि काळे तीळ घेऊन निघाल्या. वाटेत गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजी अडखळले. बाईमाणसाने तर्पण करायची आपल्याकडे रीत नाही, म्हणाले, शिवाय ना नाव ठाऊक ना गोत्र. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की तहानलेला माणूस दारात आला तर आधी गोत्र विचारायचं का? गुरुजी उठले. मग खुंटीवरचं उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

"गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात," ते म्हणाले. "चला."

काकू गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. गुरुजी मंत्र सांगत होते आणि काकूंच्या अंगठ्यावरून तिळाचं पाणी लाटांत पडत होतं. परतताना ओल्या निऱ्या सावरत त्या म्हणाल्या, "इथे केलेलं कुठेतरी पोचतं." कुठे पोचावं असं त्यांच्या मनात होतं, ते मी विचारलं नाही.

महिन्याभराने एक माणूस आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरून आमच्या दवाखान्यात आला. त्याचा भाऊ मासेमारीच्या होडीवरून पडला होता, आणि हा बंदराबंदरावर चौकशी करत फिरत होता. पोलिसांनी जपून ठेवलेला कमरेचा पट्टा त्याने ओळखला. त्याने नाव सांगितलं तेव्हा कळलं, गेलेला मुसलमान होता. मी त्याला पुरलेल्या जागी घेऊन गेले. तिथे ताजी तगरीची फुलं होती. ही कुणी ठेवली, त्याने विचारलं. मी त्याला वाडीत आणलं, वाटेत काकूंच्या बुडालेल्या मुलाचंही सांगितलं.

काकूंना सगळं कळलं तशा त्या ओटीवर बसल्याच.

"माझं काही चुकलं का हो?" त्या त्याला म्हणाल्या. "तुमच्यात चालत नसेल. मी काश्यप गोत्राचा म्हणून पाणी दिलं त्याला."

तो म्हणाला, "पाण्यात गेला, पण तहानलेलाच गेला असेल, असं आमची अम्मी रोज म्हणते. आता तिला जाऊन सांगतो. पाणी दिलंय म्हणून. एका आईनेच दिलंय."

काकू उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीपाशी उभ्या राहून त्या रडत होत्या. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

"मग माझ्या पोरालाही दिलं असेल कुणीतरी," त्या म्हणाल्या.

काकू गेल्याला आता काही वर्षं झाली. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. वाडी दुसरं कुणी बघतं आणि मी म्हसळ्याला असते. डोळे मिटले की मात्र मला एकच संध्याकाळ दिसते. थंडी नुकती पडू लागली होती आणि त्या बुडालेल्या मुलाची आई बोटीने खाडी ओलांडून, त्याला पुरलं होतं तिथे आली होती. नंतर दोघी किनाऱ्यावर जाऊन बसल्या. मी थोडी मागे होते. ओहोटीच्या ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, त्यामुळे दोघी आभाळातच बसल्यासारख्या दिसत होत्या.

मग त्या आईने विचारलं, "तुमच्या पोराचं नाव काय होतं?"

काकूंनी सांगितलं. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं राहिले, पण ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. म्हातारीने डोक्यावरची ओढणी सारखी केली, दोन्ही तळवे उघडे धरले आणि पुटपुटत दुआ मागू लागली. त्या पुटपुटण्यात मधूनच ते नाव येत होतं, आणि दर वेळी काकू मान हलवत होत्या, हाक ऐकल्यासारखी.