तीन बारचा सेन्सर

"शेड तुमची नाही असं मी कुठे म्हटलं, वन्सं? शेडमध्ये गाडी आहे, एवढंच म्हणतेय," भावजयीने पातेल्यावर झाकण आदळलं.

"गाडी कसली, निम्मी गाडी," भाऊ पेपरमागून म्हणाला. "महिनाभर इंजिन उघडं पडलं होतं."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" नणंद-भावजयींनी एकदमच विचारलं. पेपर पुन्हा वर गेला.

"सोमवारी माझी तीन शिलाई मशिनं येतायत. शाळेच्या गणवेशांचं काम कधी नव्हे ते मिळालंय. मशिनं काय डोक्यावर ठेवू?"

"गाडी दोन दिवसांत चालू होईल."

"आणि जाईल कुठे? फिरून परत शेडमध्येच ना? ज्याची गाडी तो सातासमुद्रापार लेकीकडे जाऊन बसलाय आणि तुम्ही इथे राखण करताय."

नणंदेने चहा अर्धा टाकला, पर्स उचलली आणि ती बाहेर पडली.

कारखान्यात तिला काटेबाई म्हणत. एकोणतीस वर्षं तिने दाबमापकांचे काटे तपासले होते. बॉयलरवरचं मापक तिच्या टेबलावर यायचं, काटा केसभर जरी चुकला तरी ती लाल चिठ्ठी लावायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं," जसं दुकानातून मीठ आणायचं राहून जावं.

शेजारच्या खात्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरने ही जुनी गाडी घेऊन तिला सुपरचार्जर बसवला. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंप. दर रविवारी दोघं शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जात. तो चालवायचा, ती शेजारी बसून दाब किती बार चढला ते मोठ्याने वाचायची. "शून्य पॉइंट सहा. आठ. एक." दहा वर्षं दोघांत बोलणं झालं ते बहुतेक आकड्यांचंच. लेकीकडे कायमचा जाताना त्याने पंप जास्त वेगाने फिरावा म्हणून त्याला पट्ट्याची लहान चाकी, लहान पुली लावली, गाडी तिच्या नावावर करून दिली आणि म्हणाला, "आता एक पॉइंट दोनपर्यंत जाईल. सेन्सर तेवढा मोठा बघून घे."

तिने दोन बारचा घेतला. एक पॉइंट दोनला दोन म्हणजे भरपूर. तिच्या मापकांचा शून्य नेहमी उघड्या हवेत असायचा. गाडीचा सेन्सर मात्र पार पोकळीपासून मोजतो, बाहेरची साधी हवाच त्याच्या हिशेबाने एक बार. म्हणजे एक पॉइंट दोनला त्याला दोन पॉइंट दोन दिसायला हवे होते. तो दोनवर अडकला. दाब चढत राहिला, सेन्सर तोच आकडा सांगत राहिला, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्या आकड्यापुरतंच पेट्रोल सोडत राहिला. हवा जास्त, पेट्रोल कमी; इंजिन तापलं आणि एक पिस्टन जळाला. शेजारी कुणी वाचत असतं, तर आकडा थिजलाय हे पहिल्याच फेरीत कळलं असतं. भाची एकदा हौसेने बसली होती. दोन आकडे वाचले आणि मोबाइल वाचायला लागली.

घरात चूक कुणाला सांगितली नव्हती. मेकॅनिकने पिस्टन बदलून इंजिन पुन्हा जोडून दिलं आणि तंबी दिली, "बाई, बरोबर सेन्सर लागेपर्यंत चावी फिरवायची नाही."

ती गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात पोचली, तेव्हा दुकानदाराने काचेवर सेन्सरच्या दोन डब्या ठेवल्या. एक तीन बारचा, एक चारचा.

"चारचाच घ्या. उद्या आणखी लहान पुली लावली तर पुन्हा यायला नको."

"माझं काम दोन पॉइंट दोनचं आहे. चारच्यात ते जेमतेम अर्ध्यावर येतं. बारीक फरक कळत नाही."

"पण पुढचा विचार..."

"एक मिनिट," म्हणत ती दाराशी गेली आणि टर्नरला फोन लावला. पूर्वी तो दर रविवारी करायचा. मग महिन्याने. हल्ली तीच करायची.

"अरे, सेन्सर तीनचा घेऊ की चारचा?"

"कसला सेन्सर?" मागे नातवंडांचा गोंधळ चालला होता. "अच्छा, गाडीचा! आहे अजून? मला वाटलं विकलीस."

"आहे."

"घे गं तुला हवा तो. ऐक, हा छोटा माझ्या खांद्यावर चढलाय, नंतर बोलतो."

तिने फोन पर्समध्ये टाकला. दाराजवळच्या रॅकवर वायपर टांगले होते. त्यातला एक वाकडा होता, तो तिने सरळ केला. मग आत आली.

"तीनचा द्या. लहान पुली आता लागणार नाही."

"का हो?"

"लावणारा गेला."

दुकानदाराने चेहरा पाडला. जिवंत आहे म्हणून सांगायचा तिला कंटाळा आला.

"कॉम्प्युटरला नवं माप तेवढं भरून द्या, नाहीतर पुन्हा गोंधळ," तो डबी बांधताना म्हणाला. "आणि हल्ली तो आकडे स्वतःच नोंदवून ठेवतो बरं का. शेजारी वाचायला माणूस लागत नाही."

"सोयीचं आहे," काटेबाई म्हणाली.

घरी तिघं जेवायला बसली होती. तिचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. ती थेट शेडमध्ये गेली. पाच मिनिटं मोजपट्टीचा खरखर आवाज आला. मग हात धुऊन ती येऊन बसली.

"काय आत्या, कुठला सेन्सर आणलास?" भाचीने विचारलं.

"तीन बारचा."

"आणि शेडचं काय?" भावजयीने भावाकडे बघत विचारलं. भाऊ ताटात बघत होता.

काटेबाईने ताटावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"मशिनं माझ्या वरच्या खोलीत लाव. तिथे उजेड चांगला आहे. गाडीच्या शेजारी एक पलंग मावतो, मी मोजलंय. सोमवारपासून मी शेडमध्ये राहणार आहे."