गौरीआधीची कासारीण

ती कुठल्या गावची, नाव काय, मी कधी विचारलं नाही. गौरी-गणपती जवळ आले की बांगड्यांची पेटी घेऊन दारात यायची. हाताला तेल लावायची, बोटं दाबायची आणि सारखी बोलत राहायची. बोलण्याच्या नादात बांगडी कधी आत गेली ते कळायचं पण नाही.

सासू गेल्यावर पहिली गौर माझ्या अंगावर आली. नवरा मुंबईला गिरणीत, घरात तांदूळ थोडका, आणि सगळी भावकी जेवायला येणार. एवढ्यांचं घावन-घाटलं मी एकटीनं कधी केलं नव्हतं. काही चुकलं तर वर्षभर ऐकून घ्यायचं. बांगड्या भरताना मला रडूच आलं.

"रडतेस काय गो? तुला सगळ्यांत जास्त नावं कोण ठेवील?" कासारणीनं विचारलं.

"चुलत सासू."

"मग आजच जा तिच्याकडे. म्हण, मला काय येत नाय, चूल तुम्हीच सांभाळा."

गेले. सणाच्या दिवशी चुलत सासू उजाडायच्या आधीच पदर खोचून हजर. जेवताना एक जण म्हणाला, "घाटलं पातळ झालंय." तशी ती कडाडली, "तुझ्या आईनं केलं होतं काय रे कधी असलं? गप जेव!" मी तोंडाला पदर लावून हसले.

परवाच्या गौरीला नातसून माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, मला काही जमत नाही. चूल तुम्हीच सांभाळा."

मी लगेच उठले. पीठ कालवताना कासारीण आठवली. तेव्हा कळलं, आता या घरात सगळ्यांत जास्त नावं ठेवणारी मीच.