आत्याबरोबर बंदरापर्यंत

माझ्या आत्याला गणेशपुरीजवळच्या एका खेड्यात दिली होती. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, पूर्ण्याला, खाडीच्या अंगाला. मी लहान असताना मे महिना लागला की आत्या एसटीने भिवंडीला उतरून आमच्याकडे यायची, थोडे दिवस राहायची आणि जाताना मला सुटीसाठी सोबत न्यायची. येताना तिच्याजवळ तांदळाचं गाठोडं असायचं, जाताना सुक्या मासळीचं. तिच्या गावचा तांदूळ आमच्याकडे यायचा, आमच्या खाडीचा जवळा नि बोंबील तिच्याकडे जायचा, आणि ही सगळी ने-आण आत्याच्या डोक्यावरून व्हायची.

तेव्हा एसटीच्या टपावर सामान चढवत. मागच्या शिडीवरून हमाल वर जायचा, खालून एकेक पेटी, एकेक कोंबड्यांची डालगी त्याच्या हातात दिली जायची. आत्याने मात्र आपलं गाठोडं कधी टपावर जाऊ दिलं नाही. मागच्या सीटच्या पायाशी ते ठेवून ती मला त्यावर बसवायची. गाडी सुटली, उन्हाने पत्रा तापला की मासळीचा वास सुटायचा. कंडक्टर इकडेतिकडे बघत हे कुणाचं म्हणून विचारायचा. आत्या खिडकीबाहेरची भातखाचरं बघत बसायची. मी गाठोड्यावर बसून असल्यामुळे माझ्याकडे कुणी संशयाने बघत नसे. वज्रेश्वरी यायच्या आत मी त्याच गाठोड्यावर डोकं टेकून झोपलेली असायची. अजूनही सुक्या जवळ्याचा वास आला की मला पेंग येते, हे मी घरात कुणाला सांगत नाही.

पुढे मी शिकले, भिवंडीतल्या एका शाळेत शिक्षिका झाले, लग्न करून शहरातच राहिले. आत्याचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून माझ्या धाकट्या भावाने तिला पूर्ण्याला आणून ठेवलं. तोवर पूर्ण्यात भात राहिला नव्हता. आमच्याही शेतावर गोदाम उभं राहिलं होतं, निळ्या पत्र्यांचं, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू न येण्याइतकं लांब. आत्या संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून कंटेनर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरांच्या आरोळ्या ऐकत बसायची. खाडी त्या गोदामांच्या पलीकडे होती. घरातून दिसत नव्हती.

अशाच एका संध्याकाळी तिने मला आजोबांच्या मचव्याची गोष्ट सांगितली. आजोबा मचव्यातून रेती मुंबईला न्यायचे. भरती-ओहोटी बघून निघायचे आणि पुन्हा कधी येतील ते पाण्यावर अवलंबून. आत्या लहान असताना त्यांची भाकरी घेऊन काठापर्यंत जायची. माझे वडील तिच्याहून धाकटे, पण मिसरूड फुटायच्या आधीच ते मचव्यावर जायला लागले. आत्याला कुणी नेलं नाही. मुलीला मचव्यावर घेत नसत, एवढंच. तिने ते काही तक्रार म्हणून सांगितलं नाही. मचवा वळणाआड गेला की ती परत फिरायची, असं म्हणाली, आणि मग घरात चहा ठेवायला उठली.

दिवाळीच्या सुटीत मी आम्हा दोघींची जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून गोव्याला जाऊन परत. आत्याने फक्त एकच चौकशी केली, जहाजावर भाकर मिळते का. सगळं मिळतं म्हणून मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नसावा.

भाऊ आम्हाला गाडीने बंदरावर सोडणार होता, म्हणून मी आदल्या रात्रीच पूर्ण्याला राहायला आले होते. त्या दिवशी सकाळी त्याला मानकोलीच्या एका गोदामात काम निघालं. तासाभरात येतो म्हणून गेला. मी माझी नवी, चाकांची निळी बॅग दाराशी आणून ठेवली. आत्याची एक चेनवाली कापडी पिशवी होती आणि फडक्यात बांधलेला एक स्टीलचा डबा. डब्यात काय आहे ते मी विचारलं नाही.

मग भावाचा फोन आला. मानकोलीच्या नाक्यावर एक ट्रेलर आडवा झाला होता आणि गाड्या जागच्या हलत नव्हत्या. त्याला मागेही वळता येत नव्हतं. कुणालातरी पाठवतो, भाड्याची गाडी बघतो, असं तो बोलत होता आणि त्याच्या मागून हॉर्न ऐकू येत होते. दुपारी वेळेत बंदरावर पोचायचं होतं. मी फोनवर भाड्याच्या गाड्या शोधू लागले. एकाने येतो म्हटलं आणि नंतर नाही म्हटलं. आत्या चपला घालून उभी राहिली.

"कशेळीवरून एसटी जाते ना ठान्याला?" ती म्हणाली. "मग बसलीस काय? चल."

मला ते फारसं पटलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी सामान घेऊन बसने कुठे गेलेच नव्हते. पण दुसरा इलाज दिसेना. गल्लीतून हमरस्त्यापर्यंत बॅग ओढत नेताना तिची चाकं खडीत रुतत होती, उडत होती. रस्त्यावर धूळ, कंटेनर, रिक्षा. थांब्यावर उभं राहिल्यावर थोड्या वेळाने भिवंडीकडून ठाण्याची एसटी आली आणि थांब्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. आत्या माझ्या आधी दाराशी पोचली. तिने पायरीवर एक पाय ठेवला आणि तिथेच उभी राहिली, म्हणजे मी बॅगेसह येईपर्यंत गाडी सुटू नये. तिची ती जुनी युक्ती मी पार विसरले होते.

आत उभं राहायला जागा होती, बसायला नव्हती. एक लूमवरचा कामगार रात्रीची शिफ्ट करून निघाला होता, केसांत अजून सुताचा कापूस. तो उठला आणि म्हणाला, "अम्मा, आप बैठो." आत्याने त्याला थांबवलं नाही. बसली, त्याची डब्याची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि हिंदी-मराठी मिसळून त्याला त्याचं गाव विचारलं. काल्हेर जाईपर्यंत तिला त्याच्या घरची सगळी माणसं ठाऊक झाली होती. मी बॅग दोन्ही गुडघ्यांत धरून उभी होते. कशेळीच्या पुलावर गाडी चढली तशी आत्या बोलायची थांबली. खाली खाडी होती, ओहोटीची, चिखलाच्या कडा उघड्या पडलेल्या. एकही मचवा नव्हता. पूल संपल्यावर ती पुन्हा त्याच्याकडे वळून त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल विचारू लागली.

ठाण्याला आम्हाला तिथूनच सुटणारी लोकल मिळाली. अकराची वेळ, ऑफिसची गर्दी ओसरलेली, त्यामुळे खिडकीशी समोरासमोर बसून आम्ही मुंबईला पोचलो. स्टेशनबाहेरून बंदराकडे जाणारी छोटी लाल बस मिळाली. तिची पायरी खाली होती, दार रुंद होतं. आत्याने आतली गार हवा अंगावर घेतली आणि हिला टपच नाही म्हणाली. मी म्हटलं, आता टपावर सामान ठेवत नाहीत. मग लोक सामान न घेता फिरतात का, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर बघू लागली.

बसने आम्हाला बंदराच्या फाटकापासून थोडं अलीकडे सोडलं. जुन्या दगडी इमारती, दोन्ही बाजूंनी झाडं, शांत रस्ता. मी बॅगेचा दांडा वर ओढला आणि चालू लागले. फुटपाथच्या फरशा उखडलेल्या होत्या. एका खाचेत चाक अडकलं, मी हिसका दिला आणि ते निखळून गटाराच्या जाळीवर जाऊन पडलं. पूर्ण्याच्या खडीतच ते खिळखिळं झालं असणार. बॅग एका बाजूला कलली. ओढली तर फरशीवर खरखर आवाज करत घासत येई. उचलली तर चार पावलांवर हात भरून येई. टॅक्सीवाल्याला हात केला, पण इतक्या जवळचं भाडं त्याला नको होतं. मी घामाघूम होऊन तिथेच उभी राहिले.

आत्याने डब्याचं फडकं सोडलं. ते पिळून, गोल गुंडाळून तिने चुंबळ केली. ती स्वतःच्या डोक्यावर ठेवणार, इतक्यात मी तिचा हात धरला. सत्तरी उलटलेल्या बाईच्या डोक्यावर बॅग देऊन मी मागून मोकळ्या हातांनी चालणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"मग तू घे," आत्या म्हणाली.

मी आजूबाजूला बघितलं. कार्यालयांतून जेवायला बाहेर पडलेली माणसं होती, एक-दोन जहाजाचे प्रवासी होते. माझ्या अंगात नवा कुर्ता होता, खांद्याला पर्स. पण तिच्या गावी मेमध्ये विहिरीवरून हंडा आणायला मीही जात असे, आणि चुंबळ डोक्यावर बसली की मानेने काय करायचं असतं ते कुठे जात नाही. आम्ही दोघींनी मिळून बॅग उचलली. आत्याने ती नीट मध्यावर ठेवली, एक बोट लावून तोल बघितला आणि बोट काढलं.

पहिली काही पावलं मला भीती वाटली. मग मान सरळ झाली, कंबर आपोआप चालू लागली. त्या हिरव्या सावलीच्या रस्त्याने मी डोक्यावर निळी बॅग घेऊन चालले होते आणि माझी आत्या मागून हलक्या आवाजात सांगत होती, खाली नको बघू, पुढे बघ. विहिरीच्या वाटेवर ती हेच सांगायची. माझे डोळे भरून आले. मान हलवता येत नव्हती, म्हणून मी ते पुसले नाहीत. समोरून येणाऱ्या एका गृहस्थांनी बाजूला होऊन वाट दिली. दुसऱ्या कुणी फारसं बघितलंही नाही.

फाटकावरच्या बाईने सामानाची तपासणी करताना डबा उघडायला लावला. आत तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, एका कोपऱ्यात कांदा. बाहेरचं खाणं जहाजावर नेता येत नाही, असं तिने नरम आवाजात सांगितलं. टाकून द्या किंवा इथेच ठेवून जा. मी ओशाळले. आत्या अजिबात ओशाळली नाही. अजून वेळ आहे का, एवढंच तिने विचारलं. वेळ होता.

आम्ही फाटकाच्या बाहेर, झाडाखालच्या कट्ट्यावर बसून जेवलो. भाकऱ्या पुष्कळ होत्या. शेजारी नागपूरकडचं एक जोडपं रांगेतून दमून बसलं होतं. आत्याने त्यांच्या हातावर अर्धी अर्धी भाकरी ठेवली. नवऱ्याला जवळ्याचा वास झेपला नाही, बायकोने मात्र चटणी पुन्हा मागून घेतली. शेवटची भाकरी आत्याने तपासणीच्या बाईला नेऊन दिली. तिने आधी नको म्हटलं आणि मग रुमालात गुंडाळून ठेवून दिली. शेडच्या वर जहाजाचा पांढरा भाग दिसत होता. मला वाटलं होतं आत्या ते बघून थक्क होईल. ती बोटं चाटत होती.

संध्याकाळी जहाज धक्क्यावरून सुटलं तेव्हा आम्ही वरच्या कठड्याशी उभ्या होतो. मुंबई हळूहळू बाजूला सरकत गेली. आपली खाडी कुठल्या बाजूला, असं आत्याने विचारलं. मला नक्की सांगता येईना. जहाजावरचा एक कर्मचारी जवळ उभा होता, त्याला विचारलं, तर त्याने पुलांच्या, धुराड्यांच्या पलीकडे, धुरकट उत्तरेकडे हात केला. आत्या बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"मना वाटायचं बापूस लय लांब जातो," ती म्हणाली. "एवढंच हाय. हे तं मी चालत आली असती."

तिने पदर डोक्यावरून घेऊन कानांभोवती घट्ट केला, कारण वारा सुटला होता, आणि आम्ही दिवे लागेपर्यंत तिथेच उभ्या राहिलो.

गोव्याला आम्ही एक देऊळ आणि एक बाजार बघितला. जहाजावरचं जेवण तिला बरं वाटलं, भाकरी सोडून. परत आलो तेव्हा भाऊ गाडी घेऊन हजर होता. आत्या मागच्या सीटवर झोपली आणि आम्ही घरी पोचलो.

त्यानंतर एका रविवारी मी पूर्ण्याला गेले, तर ती तयार होऊन दाराशी बसलेली. कुठे जायचंय विचारलं, तर म्हणे तूच सांग. आम्ही भिवंडीच्या स्टँडवर गेलो. आत्याला वाचता येत नाही. मी उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या एकेक करून मोठ्याने वाचत गेले, आणि ती प्रत्येक नावाशी थोडी थांबून, ते गाव मनात घोळवून बघत होती. वाडा म्हटलं, तर नको म्हणून मान हलवली. शहापूर म्हटलं, तर म्हणाली, तिथे काय हाय? मला ठाऊक नव्हतं. आम्ही शहापूरच्या गाडीत चढलो.