वेल वांझ नाही

कुणी काही ऐकवू लागलं की मावशी समोर बोट करायच्या. "आदी बघा," म्हणायच्या आणि आपण बघेपर्यंत पुढचं ऐकायच्या नाहीत. सोसायटीत झाडलोट करणारी आणि बाग सांभाळणारी अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमच्या मावशी करावे गावच्या. नवरा खाडीत मासेमारी करायचा, तो गेला. मूलबाळ नव्हतं.

इमारतीमागे त्यांनी लाल भोपळ्याची वेल लावली. फुलं भरपूर आली, पण बारके भोपळे पिवळे पडून गळायला लागले. बाकावरच्या बायकांनी कारण शोधलं. अध्यक्षांच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "बाईला मूल नाही, नवरा नाही. तिचाच हात लागतो ना वेलीला."

दुसऱ्या दिवशी मावशींना निरोप गेला: फक्त झाडू मारा, वेलीला हात लावू नका. सेक्रेटरी मी. निरोप मीच दिला.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "उद्या सकाली सगल्यांना खाली बोलवा. ज्यांनी सांगितलं त्यांना पयले."

सात-आठ जणी आल्या. वहिनीही आल्या. मावशींनी एक फूल वर करून धरलं. "यो नर. खाली नुसता देठ. आनि ही मादी. हिच्या खाली बघा, बारका भोपला. नराची पिवली पूड हिला लागली तर यो वाढतो, नाय लागली तर गलतो. ती पूड मधाच्या माश्या नेतात. माश्या हायत कुठं?"

बायका वाकून फुलांवर माश्या शोधू लागल्या.

"रोज सकाली डासांचं औषध मारता. माश्या मेल्या. वेल वांझ नाय. आनि मला पोर नाय, त्याचा भोपल्याशी काय संबंध?"

परागीभवनाची व्याख्या मी शाळेत पाठ केली होती. कळली त्या सकाळी. फवारणीच्या कागदावर सही माझीच होती.

मावशींनी एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि सगळ्यांदेखत त्यातली पूड तीन मादी फुलांना लावली. बाकीची मुद्दाम तशीच ठेवली. आठवड्यात ती गळली. तीन भोपळे धरले.

फवारणी मी थांबवली. पहिला भोपळा वहिनींनी कापला आणि एक मोठी फोड घेऊन स्वतः मावशींकडे आल्या. "झालं ते विसरा, मावशी."

"इसरनार नाय," फोड घेत मावशी म्हणाल्या. "तुमीपन इसरू नका."

गेल्या वर्षी त्या बहिणीकडे खांदेश्वरला राहायला गेल्या. रिक्षा आली तेव्हा मी वाकून नमस्कार केला. एरवी अशा वेळी माणसं "असू दे, असू दे" म्हणत मागे सरतात. मावशी सरल्या नाहीत. ताठ उभ्या राहून त्यांनी मला पूर्ण वाकू दिलं, आणि मगच रिक्षात बसल्या.