भावाचा संघ

माझा थोरला भाऊ खुशाल आहे आणि माझ्यावर अजून रागावलेला आहे, या दोन्ही गोष्टी मला कित्येक वर्षं मोबाइलवरच्या क्रिकेटच्या अॅपवरून कळत होत्या.

अबोल्याचं कारण सांगायला लाज वाटते. त्याच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत माझं नाव वर, घरच्या माणसांत यायला हवं होतं. ते खाली, मंडप आणि वाढप सांभाळणाऱ्यांच्या यादीत छापून आलं. शाल-श्रीफळ, फेटे, व्यासपीठावरच्या खुर्च्यांचा क्रम, यांना मी आयुष्यभर हसत आलो. शाळेत मुख्याध्यापक असताना पाहुण्यांचं स्वागत चार मिनिटांत उरकायचो. तोच मी एका ओळीसाठी सख्ख्या पुतण्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला गेलो नाही.

"छापणाऱ्यानं चूक केली, मी काय करू?" भाऊ फोनवर म्हणाला.

"छापायच्या आधी तपासलं कोणी?" मी विचारलं.

त्यानं फोन ठेवला. तो मेडशीजवळच्या आमच्या गावी, मी मंगरूळपीरला. एसटीनं दोन तासांचा रस्ता. पण त्यानंतर कोणीच त्या रस्त्यानं आलं-गेलं नाही.

पुढच्या दिवाळीत पुतणीनं त्या अॅपमध्ये घरातल्या सगळ्यांचा एक गट काढला. आमचं भांडण मिटवायला की नुसती गंमत म्हणून, ते तिलाच ठाऊक. सामन्याआधी अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कर्णधार करायचं, चहाच्या किमतीएवढी फी भरायची. ज्याच्या खेळाडूंचे गुण जास्त, तो जिंकला. अॅपवाला सगळ्यांकडून आपला वाटा आधीच काढून घ्यायचा, त्यामुळे तो कधी हरला नाही. महिन्याभरात बाकीची मंडळी कंटाळली. गटात आम्ही दोघंच उरलो.

सामना सुरू झाला की समोरच्याचा संघ दिसे. भावाचा संघ मी डोळे झाकून सांगू शकलो असतो, कारण त्याचा कर्णधार नेहमी यष्टिरक्षक. लहानपणी खळ्यावर तुरीच्या तीन वाळक्या काड्या, तुराट्या, यष्ट्या म्हणून रोवून आम्ही खेळायचो, तेव्हा तो त्यांच्या मागे उभा असे आणि माझा एकही चेंडू सोडत नसे. यष्टिरक्षक दिसला की समजायचं, भाऊ बरा आहे; आणि जिंकला तरी गटात एक शब्द लिहीत नसे, म्हणजे राग कायम आहे. एकदा त्यानं भलत्यालाच कर्णधार केलं तर मी दिवसभर बेचैन होतो. नंतर पुतणीकडून कळलं, त्याला ताप होता आणि संघ तिच्या मुलानं लावला होता.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अकोल्याला दवाखान्यात होतो आणि माझे दोन सामने चुकले. तिसऱ्या दिवशी वहिनीचा माझ्या बायकोला फोन. "भाऊजी बरे हायत ना?" आमच्याकडून कोणी काही कळवलं नव्हतं. बायकोनं विचारलं, तुम्हाला कसं समजलं? वहिनी म्हणाली, "असंच. हे दोन दिसांपासून मोबाइल पाहून राह्यले अन् जेवून नाई राह्यले."

मग दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. अॅपनं एक नम्र संदेश पाठवला आणि आमचा गट मिटला. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी मुद्दाम घरी आली आणि "सर, खरंच बंद झालं ना?" असं दोनदा विचारून गेली. तिच्या नवऱ्याबद्दल मी काही विचारलं नाही. तिला मी हो म्हणालो. मात्र गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "बंद काहीच नाई झालं सर, फकस्त दुसऱ्या नावानं चालू हाय." त्याला ते दुसरं नाव विचारावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आता भाऊ आजारी पडला तर मला कोण सांगणार होतं?

महिन्याभरात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचं निमंत्रण आलं. ऑनलाइन जुगाराविरुद्ध सामूहिक शपथ. शपथ देणार 'गावचे सुपुत्र, सेवानिवृत्त मुख्याध्यापक'. या वेळी माझं नाव सगळ्यात वर होतं. मी गेलो तो त्यासाठी नाही, एवढा तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

बॅनरवर जुगाराविषयी एक ओळ आणि फोटो अकरा होते. मी सवयीनं मोजले. पाहुणे दीड तास उशिरा आले, शाली वाटल्या गेल्या, नारळ कमी पडला म्हणून एकच नारळ दोघांना दिला गेला. भाऊ शेवटच्या रांगेत मंडपाच्या खांबाला टेकून बसला होता. वाळला होता. पाच-सहा वर्षांत मी त्याचा संघ पाहिला होता, त्याला नाही.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना उजवा हात पुढे करायला सांगितलं. माझ्या एका हातात माइक, दुसऱ्यात शपथेचा कागद. "मी अशी शपथ घेतो की," मी सुरू केलं.

"मास्तर," मागून आवाज आला, "तुमचा हात कुठी हाय?"

मंडप हसला. आवाज भावाचा होता.

"सर, तुमी राहू द्या," सरपंच कानाशी म्हणाले.

"काहून राहू द्या? देणाऱ्यानं पहिले घ्यावं." भाऊ बोलत बोलत पुढे आला, व्यासपीठावर चढला, माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि डाव्या हातानं माझ्या तोंडासमोर धरला. उजवा हात त्यानं स्वतः पुढे केला. मीही केला. आमच्या हातांत खळ्यावरच्या दोन तुराट्यांमध्ये असायचं तेवढंच अंतर होतं. शपथेत एक वाक्य होतं, 'यापूर्वी मी असा खेळ खेळलो असल्यास'. तिथे मला खोकला आला. भाऊ माइक बाजूला करून हळूच म्हणाला, "वाच, वाच. मी बी खेळलो."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो. माझी शाल त्यानं घडी करून मांडीवर घेतली होती.

"आता तुही तब्येत मले कशी समजन?" तो म्हणाला.

"इचारा लागन, भाऊ."

त्यानं शालीची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाला, "कसा हायेस?"

मी त्याला हर्नियापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, टाक्यांसकट. पत्रिकेचा विषय दोघांनीही काढला नाही. वहिनीनं जेवायला दोनदा बोलावणं पाठवलं, तरी आम्ही उठलो नाही.